अर्धं शटर

२०२१ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक बाजारपेठांत पावणेचारच्या सुमारास एकच आवाज सुरू व्हायचा, शटर ओढल्याचा. चारच्या ठोक्याला दुकानं बंद, असा कोरोनाकाळातला हुकूम होता. पण शटर पूर्ण खाली येत नसे. ते कमरेपर्यंत येऊन थांबे. बाहेर स्टुलावर एक पोऱ्या बसे, नजर नाक्याकडे, पोलिसांची गाडी दिसली की आत हाक द्यायला. ओळखीचं गिऱ्हाईक वाकून आत शिरे, डाळ-तांदूळ नाहीतर चार मीटर कापड घेऊन पुन्हा वाकून बाहेर पडे. दहा बाय पंधराचा गाळा, मागे सलग भिंत, हवा येण्याजाण्याची एकच वाट म्हणजे पुढची मोकळी बाजू, आणि तीही आता निम्मी झाकलेली. डोक्यावर पंखा तीच हवा फिरवत असे. कायद्याच्या दृष्टीने हे दुकान बंद होतं. विषाणूच्या दृष्टीने ते दिवसभरातलं सगळ्यात सोयीचं दुकान होतं. ही विसंगती दुकानदाराच्या लबाडीवर ढकलता येते आणि तशी ती ढकललीही गेली. माझं म्हणणं वेगळं आहे. ती नियमाच्या घडणीतच होती. दुकानांसाठीचे बहुतेक नियम रस्त्यावरून, चालत्या गाडीतून तपासता यावेत अशा बेताने बनले होते, आणि विषाणूचा सगळा कारभार रस्त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टींवर चालत होता.

आधी ते नियम कसे बदलत गेले ते आठवून पाहू, कारण दोन वर्षांत ते इतक्या वेळा बदलले की लोक त्यांचा क्रमही विसरले आहेत. २०२० च्या मे महिन्याच्या सुरुवातीला राज्याने एका गल्लीत पाचपर्यंत बिगर-जीवनावश्यक दुकानं उघडायला परवानगी दिली. मद्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि मुंबई महापालिकेने दोन दिवसांत ती सवलत काढून घेतली. जूनमध्ये ‘मिशन बिगिन अगेन’ आलं. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं विषम तारखेला, दुसऱ्या बाजूची सम तारखेला. कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम बंद, घेतलेला माल बदलून किंवा परत घ्यायलाही मनाई. महिनाअखेरीला सलून उघडली, पण फक्त केसांपुरती, दाढी नाही. मुंबईत सम-विषम ऑगस्टपर्यंत चाललं. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत, २० एप्रिलच्या आदेशाने किराणा आणि भाजीची दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी राहिली. जूनमध्ये बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा यांवर आधारलेले पाच स्तर आले आणि २५ जूनला ठरलं की आकडे कितीही सुधारले तरी तिसऱ्या स्तराच्या खाली कोणी उतरायचं नाही. तिथून दुपारी चारची वेळ बहुतेक राज्याला लागू झाली. ऑगस्टच्या मध्याला तीच वेळ रात्री दहापर्यंत गेली आणि मॉलच्या दारात लसीचे दोन डोस विचारले जाऊ लागले. अठरा वर्षांखालच्यांना तेव्हा लसच नव्हती. त्यांचं काय करायचं हे लक्षात आल्यावर एक-दोन दिवसांत खुलासा निघाला, मुलांनी वयाचा पुरावा दाखवावा.

या प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारून पाहावा, विषाणूला यातलं काय कळतं? त्याला तारीख कळत नाही, रस्त्याची बाजू कळत नाही, माल जीवनावश्यक आहे की चैनीचा हे तर मुळीच नाही. त्याला कळतात तीन गोष्टी. बंद जागेत किती माणसं एकत्र आहेत, किती वेळ आहेत, आणि तिथली हवा किती बदलते आहे. २०२० च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर जेवणाऱ्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. खिडकी नव्हती, एसी तीच हवा फिरवत होता, आणि ही कुटुंबं तासाभराच्या आसपास एकमेकांच्या हवेत बसून होती. त्याच मजल्यावर ये-जा करणाऱ्या वाढप्यांपैकी कोणालाही लागण झाली नाही. दुकानांच्या बाबतीत याहून नेमका दाखला बॉस्टनमधल्या एका किराणा दुकानाचा आहे. २०२० च्या मे महिन्यात तिथल्या १०४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि २१ जण बाधित निघाले. ज्यांचा गिऱ्हाइकांशी थेट संबंध येत होता त्यांच्यात लागणीची शक्यता इतरांच्या पाचपट होती. बाधितांपैकी चारांतल्या तिघांना कसलंच लक्षण नव्हतं. म्हणजे दुकानात खरा धोका होता तो आठ-दहा तास त्याच हवेत उभं राहणाऱ्या माणसाला, पाच मिनिटांत पुडी घेऊन निघून जाणाऱ्याला तुलनेने कमी. आपल्या नियमांची नजर मात्र सारी गिऱ्हाइकावर. त्याचं कपाळ, त्याचे हात, त्याने दुकानापुढे उभं राहायचं वर्तुळ. गल्ल्यावर बसलेला आणि त्याच्या मागे मापं करणारी दोन पोरं जणू फर्निचरचा भाग होती.

लक्षणं नसलेल्यांचं हे प्रमाण कळल्यावर दारातल्या त्या तापमापक पिस्तुलाचं काय करायचं? चीनमधल्या एका अभ्यासाने २०२० च्या एप्रिलमध्येच दाखवलं होतं की संसर्गाचा जवळपास ४४ टक्के भाग लक्षणं दिसण्याआधीच घडतो. ताप नसलेल्या माणसाचा ताप मोजून त्याला आत सोडण्याचा हा विधी. तोही अनेकदा मनगटावर, कारण कपाळावर पिस्तूल रोखलेलं कोणाला आवडत नाही. उन्हातून आलेल्याचा आकडा भलताच आणि एसी गाडीतून उतरलेल्याचा दुसराच. तरी त्या आकड्याची वहीत नोंद व्हायची, नाव आणि मोबाइल नंबरासकट. ट्रायल रूम आणि माल परत घेण्यावरची बंदी हे स्पर्शाच्या भीतीचं अपत्य होतं. प्लास्टिक आणि स्टीलवर विषाणू तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो असं प्रयोगशाळेतलं संशोधन मार्च २०२० मध्ये आलं होतं आणि ते खरंही होतं. पण टिकणं वेगळं आणि तिथून बोटावर, बोटावरून नाकात पुरेशा संख्येने पोचणं वेगळं. त्याच वर्षीच्या जुलैत इमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये लिहिलं की पृष्ठभागांमुळे होणाऱ्या संसर्गाचा धोका फुगवून सांगितला जात आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने अंदाज दिला की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. आपल्याकडे त्यानंतरही सॅनिटायझरचं स्टँड दारात होतं आणि सुट्ट्या पैशांसाठी गल्ल्यावर ट्रे होता.

आता घड्याळाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भरवसा आपण त्याच्यावर टाकला. हिशेबासाठी एक काल्पनिक किराणा दुकान घ्या. दिवसाला २४० गिऱ्हाइकं, प्रत्येकजण दहा मिनिटं थांबतो. दुकान सकाळी सात ते रात्री नऊ, म्हणजे चौदा तास उघडं असेल आणि गिऱ्हाइकं विखुरलेली असतील तर कुठल्याही क्षणी दुकानात सरासरी तीन माणसं असतील. तेच दुकान सात ते अकरा, चार तास उघडं ठेवा. आता एका वेळी दहा माणसं. पण धोका तिपटीनेच वाढतो असं नाही. तीन माणसांत एकमेकांशी गाठ पडणाऱ्या जोड्या तीनच होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. चौदा तास तीन जोड्या म्हणजे ४२ जोडी-तास. चार तास पंचेचाळीस जोड्या म्हणजे १८०. वेळ कमी केली आणि माणसं एकमेकांच्या हवेत राहण्याचं एकूण प्रमाण चौपटीहून अधिक झालं. यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणं रास्त आहे, की दुकानाची वेळ कमी केली की लोक फेऱ्याही कमी करतात. बरं, करू द्या. एक तृतीयांश गिऱ्हाइकं आलीच नाहीत तरी हिशेब पूर्वीपेक्षा पावणेदोनपटीच्या आसपास राहतो. निम्मी गिऱ्हाइकं घरी बसली तेव्हा कुठे तो चौदा तासांच्या दुकानाइतका होतो. म्हणजे नियमामुळे लोकांची निम्मी खरेदी थांबली तर आपण जिथे होतो तिथेच पोचणार. आणि पीठ-मीठ-तेलाची खरेदी निम्मी होत नसते. दुसरी हरकत अशी की चौदा तासांच्या दुकानातही गर्दी सकाळ-संध्याकाळच होते, दुपारी मालक पेंगत असतो. खरं आहे, त्यामुळे वरचे आकडे मवाळ होतील. पण मग शहाणपणाचा नियम दुपारच्या पेंगणाऱ्या वेळेकडे लोकांना वळवण्याचा असता. आपण नेमकी तीच वेळ छाटली.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. पेरू देशात एप्रिल २०२० मध्ये आठवड्याचे वार वाटून दिले गेले, काही वार पुरुषांनी बाहेर पडायचं, काही वार बायकांनी. बाजारहाट बहुतांशी बायकांकडे असल्यामुळे त्यांच्या वारी मंडयांत झुंबड उडू लागली आणि आठवडाभरात सरकारने तो नियम मागे घेतला. आपल्याकडे २४ मार्च २०२० ला रात्री आठच्या भाषणात मध्यरात्रीपासून देश बंद होणार हे कळल्याबरोबर लोक पिशव्या घेऊन वाण्याकडे धावले. पंतप्रधानांना लगोलग ट्वीट करून सांगावं लागलं की घाबरून खरेदी करू नका. त्याच जुलैत पुण्यात दहा दिवसांची टाळेबंदी आधी जाहीर झाली तेव्हा मधल्या दिवसांत तेच झालं. वेळेची किंवा दिवसाची कात्री चालवली की गर्दी कापली जात नाही, ती दाबली जाते. पिठाच्या डब्यावर झाकण दाबावं तशी.

मग शहाण्या माणसांनी असे नियम का केले? सरकारी मूर्खपणा हे उत्तर सोपं आहे, म्हणूनच ते मला पुरेसं वाटत नाही. नियम कोण राबवणार, हे आधी पाहायला हवं. हातात कायदे दोन होते. १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळेच जन्माला आला, आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दोन्हींमध्ये अधिकार जिल्हाधिकारी, आयुक्त यांच्याकडे जातात आणि अंमलबजावणी अखेरीस हवालदाराकडे. हवालदाराला घड्याळ दिसतं, शटर दिसतं, नाकाखाली घसरलेला मास्क दिसतो. गाळ्यातली हवा तासाला किती वेळा बदलते हे त्याला दिसत नाही आणि त्यावर पावती फाडता येत नाही. त्यामुळे मोजता येईल ते नियमात शिरलं आणि मोजायला हवं होतं ते बाहेर राहिलं. शिवाय अधिकार शहरागणिक वाटलेले. जुलै २०२० मध्ये मुंबई उघडत असताना ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई पुन्हा बंद होत होत्या. हद्दीच्या पाटीच्या अलीकडचं दुकान चालू, पलीकडचं बंद. स्थानिक परिस्थितीनुसार निर्णय हे तत्त्व म्हणून चांगलंच आहे, पण लोकलच्या दोन स्टेशनांत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांची ‘स्थानिक परिस्थिती’ एकच असते.

दुसरं कारण कमी बोललं जातं. बरेच नियम रोगापेक्षा व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला न्याय राखण्यासाठी होते. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने ऑनलाइन कंपन्यांना सगळ्या वस्तू घरपोच द्यायची परवानगी दिली आणि अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती फिरवली. दुकानं बंद आणि ऑनलाइन चालू हे व्यापारी संघटनांना मान्य नव्हतं. साथीच्या हिशेबाने पाहिलं तर घरपोच माल यापेक्षा सुरक्षित काहीच नाही. वेल्समध्ये २०२० च्या ऑक्टोबरमधल्या सतरा दिवसांच्या टाळेबंदीत सुपरमार्केटना जीवनावश्यक नसलेल्या वस्तू झाकून ठेवायला लावलं. गिऱ्हाईक दुकानात आहेच, दूध-पाव घेतंच आहे, पण शेजारच्या मांडणीवरची खेळणी आणि कपडे प्लास्टिकने झाकलेले. मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांचं समर्थन असं की छोट्या कापडवाल्याला बंद ठेवलं असताना मोठ्या दुकानाने कपडे विकणं अन्यायाचं. दक्षिण आफ्रिकेने त्या मे महिन्यात कुठले कपडे विकता येतील याची यादीच काढली, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट चालेल, पण तो आत घालायचा उबदार कपडा म्हणून मांडला असेल तर. हे वाचून हसू येतं, पण यादीने नियम करायचा म्हटला की शेवट इथेच होतो. प्रत्येक यादीला कडा असतात आणि कडेवरच्या प्रत्येक वस्तूसाठी नवा खुलासा लागतो. न्यायाचा विचार गैर नव्हता. पण तो न्याय नुकसानभरपाईने करता आला असता. भरपाईला पैसे लागतात, झाकण्याला प्लास्टिक पुरतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की तेव्हा कोणाला काय माहीत होतं? मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनाच ठासून सांगत होती की हा रोग हवेतून पसरत नाही. २०२० च्या पूर्वार्धापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. सॅनिटायझर, वर्तुळं, सम-विषम यांना त्या काळापुरतं माफ करायला हवं. पण पुढे पाहा. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतल्या संसर्गाची दखल घ्या असं जाहीर पत्र लिहिलं. एप्रिल-मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि सीडीसी दोघांनीही श्वासातून ओढल्या जाणाऱ्या सूक्ष्म तुषारांची भूमिका मान्य केली. २० मे २०२१ ला तर भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेच पत्रक काढलं. हे तुषार दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारं-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, असं त्यात साध्या चित्रांसह सांगितलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी आलेली स्तरांची रचना पुन्हा घड्याळावरच उभी होती. तिसऱ्या स्तरात कपड्याचं दुकान शनिवार-रविवार बंद आणि इतर दिवशी चारपर्यंत; उपाहारगृहात मात्र निम्म्या क्षमतेने चारपर्यंत बसून, अर्थातच मास्क काढून, जेवता येत होतं. ज्ञान दिल्लीत पोचलं होतं आणि नियम जुन्या रुळावर धावत होते.

नियम साधाच हवा, तेरा कोटींच्या राज्यात हवेचं भौतिकशास्त्र शिकवत बसता येत नाही, असंही म्हटलं जातं. जपानने ते फार न शिकवता सांगितलं. मार्च २०२० पासूनच तिथे तीन गोष्टी टाळा असा प्रचार झाला, बंद जागा, दाटीची जागा, अगदी जवळून बोलणं. ‘सान मित्सु’ म्हणजे तीन दाट्या, एवढा तो शब्द. हितोशी ओशितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागणीचे पुंजके कुठे होतात हे पाहून तो बेतला होता. जपानी सरकारला सक्तीची टाळेबंदी लादण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, म्हणून कदाचित त्यांना कारण सांगावं लागलं. ज्याला दंड करता येतो त्याला कारण सांगायची गरज वाटेनाशी होते. आणि हवालदारालाच तपासायचं असेल तर तेही जमण्यासारखं होतं. गाळ्याच्या आकारानुसार एका वेळी किती माणसं आत, ही संख्या दारावर खडूने लिहायची, बाकीच्यांनी बाहेर उघड्यावर थांबायचं आणि शटर पूर्ण वर. तो आकडाही गाडीतून दिसतो. काही दुकानदारांनी दाराला दोरी किंवा टेबल आडवं लावून माल बाहेरच्या बाहेर द्यायला सुरुवात केली होती, ती या नियमाची न सांगता केलेली अंमलबजावणीच होती. उलट २०२१ च्या आदेशात सुचवलेला गल्ल्यासमोरचा पारदर्शक पडदा मोठे थेंब अडवी, पण बंद जागेत तासन्‌तास साठत जाणाऱ्या हवेचं त्याला काही करता येत नसे.

आणि वेडगळ दिसणारे सगळेच नियम वेडगळ नव्हते, हेही सांगायला हवं. केस कापा पण दाढी नको, यावर तेव्हा व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस पडला. पण केस मास्क लावून कापून घेता येतात, दाढीसाठी तो उतरवावा लागतो आणि न्हाव्याचं तोंड हातभरावर असतं. निर्णय त्वचेला स्पर्श नको या हिशेबाने झाला होता. कारण चुकलं, उत्तर बरोबर आलं. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधणाऱ्यालाही ५०० रुपये दंड, असं आलं. दीड वर्षापूर्वी घरगुती कापड आणि गमछा चालत होता, त्यामुळे लोकांना ही पलटी वाटली. हवेचं शास्त्र कळल्यावर मात्र हा बदल अगदी सुसंगत होता. तो का केला हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी मास्क नसलेलं गिऱ्हाईक सापडलं तर दुकानाला १०,००० रुपये दंड, हे सांगितलं गेलं.

२०२२ च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रातले सगळे निर्बंध उठले. दुकानांपुढची ऑइलपेंटची वर्तुळं पुढच्या दोन पावसाळ्यांत पुसली गेली, गल्ल्यासमोरचे ॲक्रिलिकचे पडदे पिवळे पडून मागच्या खोलीत गेले, सॅनिटायझरचं पायाने दाबायचं स्टँड काही ठिकाणी झाडूच्या शेजारी उभं आहे. नव्या इमारतींच्या तळमजल्यावर गाळे निघतच आहेत. पुढे शटर, तिन्ही बाजूंनी भिंती, आणि मागच्या भिंतीत खिडकी किंवा निदान एक एग्झॉस्ट पंखा बसवायला लागेल असं भोक, हे अजूनही मालकाच्या मर्जीवर.